संत्र्याचा ताण तोडल्यावरच पानगळ का होते?

बागवान_कळमेश्वर

नमस्कार मंडळी. नागपुरी संत्र्याची ९ वर्षांची बाग आहे. जंबेरी खुंट, लागवड ६ × ६ मीटर, जमीन भारी काळी, तीन फुटांपर्यंत मुरूम लागत नाही. ठिबकच्या दोन नळ्या आहेत. आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) ५ डिसेंबरला पाणी तोडलं, म्हणजे फुलं यावीत म्हणून झाडाला ताण दिला; पाणी पुन्हा सुरू केलं की ताण तोडला असं आपण म्हणतो. आज १४ जानेवारी, म्हणजे ४० दिवस झाले. दुपारी पानं वाटीसारखी वळतात, संध्याकाळी पुन्हा सरळ होतात. अंदाजे १५ टक्के पानं पिवळट आहेत, गळ किरकोळ.

मागच्या हंगामात ताणात पानं टिकली होती. एका दिवसात भरपूर पाणी सोडलं आणि पाच-सहा दिवसांत झाडाखाली पानांचा सडा पडला. फुलं आली, पण फळ फार कमी बसलं. झाड तहानलेलं असताना पानं टाकत नाही आणि पाणी मिळाल्यावर टाकतं, हे कसं? यंदा ताण आत्ता तोडू की थांबू? आणि तोडताना पाणी नेमकं किती द्यायचं?

मूळ_आणि_माती

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुळांत आहे, भाऊ. माती सुकू लागली की मुळांत ॲब्सिसिक आम्ल तयार होतं, ते रसवाहिन्यांतून पानात जातं आणि पर्णरंध्रं बंद करवतं. हा झाला पाणी वाचवण्याचा निरोप. त्याच काळात मुळांत दुसरा एक पदार्थ साठत असतो, एसीसी. इथिलीन तयार होण्याच्या आधीची ही पायरी. ताण कडक असतो तेव्हा रस वर चढतच नाही, म्हणून हा साठा मुळांतच राहतो. पाणी मिळालं, रस चढला, की एसीसी पानात पोचतं, तिथे त्याचं इथिलीन होतं आणि देठाच्या सांध्यावरचा थर सुटतो. क्लिओपात्रा मंडारिनच्या रोपांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं, १९९२ साली ते प्रसिद्ध झालं. ताणात पानं टिकली आणि पाणी दिल्यावर एका दिवसात गळ सुरू झाली.

शिवाय पान गळणं हे जिवंत पेशींचं काम आहे. सांध्यावरच्या पेशींना भिंत विरघळवणारी विकरं तयार करावी लागतात, आणि त्यासाठी पेशीत पाणी लागतं. म्हणूनच फार झपाट्याने सुकलेलं पान गळत नाही, वाळून काडीलाच चिकटून राहतं. बागेत फिरताना हा फरक बघा. बोटाचा धक्का लागताच पान सुटलं आणि मागे स्वच्छ डाग राहिला, तर झाडाने ते स्वतः टाकलं. कुरकुरीत पान ओढूनही निघत नसेल, तर ती फांदी मेली, म्हणजे ताण हाताबाहेर गेला.

मागच्या वर्षी फळ का बसलं नाही, तेही यातच आलं. संत्र्याला दोन तऱ्हेची फुलं येतात: पानांसकट नवतीवर (नव्या फुटीवर) आलेली आणि नुसत्या काडीवर आलेली. पानांसोबतच्या फुलांची फळधारणा चांगली होते. झाड उघडं पडलं की नुसत्या काडीवरच्या फुलांचा भर होतो. झाड पांढरं दिसतं, पण एप्रिलपर्यंत त्यातलं फारसं काही उरत नाही, कारण त्या फळांना पोसणारी जुनी पानंच गेलेली असतात.

वखर_पाळी

ताण तोडायची तारीख कॅलेंडरवर शोधू नका. हलक्या जमिनीत ३०-३५ दिवसांत जो ताण बसतो, त्याला भारी काळ्या जमिनीत ५०-६० दिवसही लागतात. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी घट्ट धरून ठेवते. वर भेगा पडतात, आपल्याला वाटतं जमीन वाळली, आणि दोन फुटांवर ओल तशीच असते. त्यात डिसेंबर-जानेवारीत ऊन मवाळ, त्यामुळे पाणी उडतंही हळू.

म्हणून खणून बघा. झाडाच्या घेराच्या कडेला, खोडाजवळ नव्हे, एक फूट आणि दोन फूट खोलीची माती काढा. मुठीत दाबा. एक फुटावरच्या मातीचा गोळा होत नाही, ढेकळं फुटतात, आणि दोन फुटांवरच्या मातीचा गोळा होतो पण अंगठ्याने दाबून पट्टी निघत नाही, अशी अवस्था आली की ताण बसलाय. दोन फुटांवर पट्टी निघत असेल तर थांबा.

झाडाची खूण पहाटे बघायची. दुपारी वळलेलं पान संध्याकाळी सरळ झालं, म्हणजे झाड अजून रात्रीतून पाणी भरून काढतंय. सूर्य उगवायच्या आधीही पान वळलेलंच दिसलं, तर त्याच दिवशी पाणी सुरू करा. चार दिवसांचाही उशीर नको. एक खूण काडीची: कोवळी काडी तिधारी आणि हिरवी असते, पक्व झाली की गोल होते. मागच्या नवतीच्या बहुतेक काड्या गोल झाल्यात का बघा. पिवळेपणा २५ टक्क्यांच्या आसपास गेला की पुरे.

तुमच्या वर्णनावरून आणखी ८-१० दिवस हातात आहेत असं वाटतं. पण आधी खड्डा काढा.

बागवान_कळमेश्वर

आज तीन झाडांखाली खड्डे घेतले. एक फुटावर ढेकळं, दोन फुटांवर गोळा होतो आणि अर्ध्या इंचाची पट्टी निघून तुटते. पहाटे पानं सरळ होती. क्लोरमेक्वाट (शेंड्याची वाढ रोखणारं औषध) आता फवारलं तर चालेल का? आणि पाण्याचं गणित राहिलंच.

वखर_पाळी

म्हणजे अजून आठवडाभर थांबा, आणि रोज पहाटे एक फेरी मारा.

पाण्याचं गणित असं: बाष्पीभवन × ०.७ × ०.७ × झाडाच्या सावलीचं क्षेत्र. पहिला ०.७ बाष्पीभवन पात्राचा गुणांक, दुसरा पिकाचा. घेर ५ मीटर असेल तर क्षेत्र १९.६ चौरस मीटर. जानेवारीत बाष्पीभवन रोज ४ मिमी धरलं तर झाडाला ३८ लिटर होतात. हेच मे महिन्यात १२ मिमी धरलं तर ११५ लिटर. ताण तोडताना मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण ३८ वर जाऊ नका. पहिले तीन-चार दिवस रोज १२-१५ लिटर, पुढचे चार दिवस २५, मग पूर्ण. आळ्याने पाणी देणाऱ्यांची आंबवणी (पहिलं पाणी) हलकी आणि आठ-दहा दिवसांनी चिंबवणी (दुसरं, भरपूर पाणी), ही जुनी रीत याच कारणाने बरोबर आहे. मुळांच्या एका भागाला आधी ओल मिळते, साठलेलं एसीसी एका लोंढ्यात वर चढत नाही.

पाणी सोडण्याआधी वखराची उथळ पाळी देऊन भेगा बुजवाच. नाहीतर ठिबकचं पाणी भेगेतून सरळ खाली जातं आणि वरच्या फुटातली तंतुमुळं कोरडीच राहतात. अन्न उचलणारी मुळं तिथेच आहेत. खोल नांगरटी अजिबात नको, या वेळी तुटलेलं तंतुमूळ लवकर भरून येत नाही. सल (वाळलेल्या काड्या) आधी काढून घ्या, हिरव्या भागात दोन सेंमी आत कापा आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.

पर्णरंध्र

क्लोरमेक्वाटचं मी सांगते. आता उशीर झालाय. भारी जमिनीत ताण बसत नाही म्हणून २ मिली प्रति लिटर (५० टक्के तीव्रतेचं औषध), १५ दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या करतात. पण त्या ताणाच्या सुरुवातीला, पान तजेलदार असताना करायच्या. वळलेलं, रंध्रं मिटलेलं पान औषध घेतच नाही, वरच्या वर डाग पडतात.

ते काम कसं करतं हे कळलं की बाकीच्या चुकाही टळतात. क्लोरमेक्वाट झाडात जिबरेलिन तयार होऊ देत नाही. जिबरेलिन म्हणजे शेंडा वाढवणारं आणि लिंबूवर्गीय झाडात फुलाची कळी दाबणारं संप्रेरक. म्हणून मृग बहाराची (पावसाळ्यातल्या फुलांची) फळं टिकावीत यासाठी नोव्हेंबर-डिसेंबरात जिबरेलिक आम्ल फवारलं, तर त्याच झाडावरचा आंबिया आपण स्वतः मारतो. डोळ्यातून फूल निघायचं की नवती, हे याच दिवसांत ठरत असतं. तोडणीला आलेली फळं लांबवत ठेवणंही तसंच महागात पडतं. फळ स्वतः जिबरेलिन पुरवतं आणि साठलेली कर्बोदकं खातं. पाणी तोडण्याआधी झाड रिकामं झालेलं हवं.

आणि ताण म्हणजे फक्त कोरड नव्हे. थंडीही तेच काम करते. ताहिती लिंबाच्या कुंडीतल्या झाडांना दिवसा १८ आणि रात्री १० अंशांत ठेवलं तरी फुलं आली, आणि दोन आठवड्यांच्या पाण्याच्या ताणानेही आली. दोन्हीत शेंड्याची वाढ आधी थांबते, प्रकाशसंश्लेषण नंतर मंदावतं, आणि मधल्या काळात जे तयार होतं ते काड्यांत आणि मुळांत स्टार्च म्हणून साठतं. ज्या वर्षी नागपूरची थंडी पंधरा-वीस दिवस नीट टिकते, त्या वर्षी कमी ताणावरही आंबिया फुटतो. ढगाळ, उबदार डिसेंबर असेल तर पाणी तोडूनही झाड नवतीवर जातं. त्यामुळे ताणाच्या काळात युरियाचा एक दाणाही नको. नत्र ताण तोडल्यानंतर द्यायचं.

रामटेक_वाट

जरा बाजूचा प्रश्न. फेब्रुवारी-मार्चमध्ये रामटेककडे जाताना पळस एकही पान नसताना पेटल्यासारखा फुललेला असतो. त्याला आंबवणी-चिंबवणी कोण देतं?

मूळ_आणि_माती

तो स्वतःच देतो. पानझडी झाड पानं टाकतं म्हणजे पाणी बाहेर जायची वाट बंद करतं. मुळं खोलवरची ओल हळूहळू खेचत राहतात, खोडाच्या मऊ पेशींत पाणी परत भरतं, आणि कळ्या फुटण्याइतका दाब पाऊस यायच्या कितीतरी आधी तयार होतो. संत्रा सदाहरित आहे. खोडात फारसं पाणी साठवत नाही, मुळं वरच्या थरात, आणि पानं कायम अंगावर. त्याचं पाणी चालूच राहतं, म्हणून ताणातून सोडवायला बाहेरून पाणी लागतं. पळसाला पानगळ फायद्याची असते, संत्र्याला तीच महागात पडते.

पर्णरंध्र

पुढच्या दोन अडचणी आत्ताच डोक्यात असू द्या, बहार तिथेच जातो.

एक, मे महिना. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हवेची ओढ, म्हणजे पानातून पाणी खेचायची तिची ताकद, ७.७ किलोपास्कल होते. ३० अंश आणि ५० टक्क्यांना ती २.१ असते. इतक्या ओढीत जमिनीत पाणी असलं तरी रंध्रं दुपारी मिटतात, पान तापतं आणि लहान फळ गळतं. दुपारी जास्त पाणी सोडून हे सुटत नाही. पाणी पहाटेपर्यंत देऊन ठेवा, घेराखाली ८-१० सेंमी गवताचं किंवा तणसाचं आच्छादन करा. फळगळीसाठी १०० लिटर पाण्यात जिबरेलिक आम्ल १.५ ग्रॅम (आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून) आणि युरिया १ किलो. त्याच शिफारशीत जिबरेलिकऐवजी २,४-डी १.५ ग्रॅमही सांगतात, पण ऑगस्टमध्ये शेजारी कपाशी उभी असताना ते वापरू नका. वाऱ्यावर उडालेल्या थोड्याशा तुषारानेही कपाशीची पानं बोटांसारखी लांबट होतात.

दुसरी, ऑगस्टची झड. चिबडलेल्या (पाणी साचलेल्या) जमिनीत दोन-तीन दिवसांत मुळांजवळचा प्राणवायू संपतो. एसीसीचं इथिलीन व्हायला प्राणवायू लागतो, तो मुळांत नसतो, म्हणून एसीसी वर जातं आणि पानात, फळाच्या देठात इथिलीन होतं. पाण्यात उभं असलेलं झाड कोमेजतं आणि फळं टाकतं ते यामुळे. वरून जंबेरी डिंक्याला (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला) लवकर बळी पडतो. दर दोन ओळींमागे उताराच्या दिशेने दीड फूट खोल चर उन्हाळ्यातच काढून ठेवा आणि खोडाला पाणी लागणार नाही असं दुहेरी आळं करा.

बागवान_कळमेश्वर

आज २२ जानेवारी. दोन फुटांवर पट्टी निघणं थांबलं, पिवळी पानं चौथ्या हिश्शाच्या आसपास, पहाटे पान सरळ. सल काढून झाली, भेगा बुजवल्या. उद्यापासून झाडाला रोज १२ लिटर सुरू करतो. ताई, युरिया पहिल्याच पाण्यात सोडू का?

पर्णरंध्र

नको. मुळं आधी जागी होऊ द्या. पूर्ण पाण्यावर आलात की माती परीक्षणानुसार नत्राचा निम्मा हप्ता ठिबकमधून दोन-तीन वेळा विभागून द्या. उरलेला फळ वाटाण्याएवढं झाल्यावर.