आईबाबा गावी, वर टिनाचं छप्पर. मे महिना कसा काढावा? सल्ला हवा

आर्वीकडची
नमस्कार. मी पुण्यात, आईबाबा वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात गावी. बाबा ७४, आई ६८. तीन खोल्यांचं घर. मागच्या दोन खोल्यांवर कवेलू (कौलं) होते, पण माकडं दरवर्षी फोडायची आणि फेरायला माणूस मिळेना, म्हणून ६ वर्षांपूर्वी टिनं टाकली. समोरची एक खोली अजून जुनीच आहे, मातीच्या जाड भिंतींची, वर कवेलू. तिच्यात सोयाबीनची पोती आणि ढोरांसाठी कुटार, ढेप ठेवलेली असते.

मागच्या मे महिन्यात आईला दुपारी भोवळ आली आणि ती ओट्यावर पडली. शेजारच्या काकूंनी पाहिलं म्हणून निभावलं. तिला बीपीची गोळी आहे. घरात कूलर आहे, पण लावत नाही. एक तर बिल, दुसरं म्हणजे ओळखीच्या घरी कूलरचा शॉक लागून एक मुलगा गेला, तेव्हापासून ती त्याला हातच लावत नाही. भर दुपारी लाइन जाते ती वेगळीच. पुण्याला यायला दोघंही तयार नाहीत. ढोरं कोणाच्या भरवशावर सोडायची, हा त्यांचा प्रश्न, आणि तो खराच आहे.

माझ्याकडे १५ हजार आहेत आणि एप्रिलमध्ये चार दिवसांची रजा. त्यात छपराचं काय करू? कूलर सुरू करावा का? आणि रोज फोनवर नेमकं काय विचारू? "पाणी पिता ना?" विचारलं की "हो" एवढंच उत्तर येतं.

कोरडवाहू
ताई, मी अकोल्याकडचा. आमच्याइकडं बी टिनंच हायेत. टिनावर काही घातल्याशिवाय खोलीत बसनं म्हंजे तव्यावर बसनं. बांबूच्या चौकटी करा, टिनाच्या वर वीत-दीड वीत उंच, अन् त्याच्यावर तुराट्या, म्हंजे तुरीच्या वाळल्या काड्या, जाड थरानं पसरून तारेनं बांधा. टिनाले चिकटवून टाकू नका, मधून हवा खेळली पाह्यजे, तेच खरं काम करते. ऊन तुराट्यायवर पडते, टिनापर्यंत येतच नाई. बांबू अन् मजुरी धरून तुमच्या पैशात आरामात होते. तुरी निघाल्या असतील तर तुराट्या घरच्याच हायेत.

पन दोन गोष्टी पाहा. मे महिन्यातलं वावधन एका झटक्यात सारं उडवते, म्हनून तार पक्की आवळा. दुसरी, आग. चूल जर त्या छपराखाली असन तर तेवढ्या भागावर तुराटी टाकूच नका, तिथं हिरवी शेडनेट लावा.

आर्वीकडची
खूप आभार, दादा. तुराट्या यंदा कमीच आहेत, पण काकांच्या वावरात पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) भरपूर पडली आहे. ती चालेल का?

कोरडवाहू
नाई, ताई. पऱ्हाटी घराजवळ आनूच नका. तिच्यावर राहिलेल्या कवडी बोंडात गुलाबी बोंडअळी झोपलेली राह्यते अन् पाऊस पडला की पतंग होऊन जवळच्याच कपाशीवर जाते. छपरावर ठेवली म्हंजे पुढच्या हंगामाची अळी आपुनच सांभाळली. काकाले सांगा, तिथंच बारीक करून मातीत गाडा. तुम्ही तुराटीच घ्या, गावात कोनाकडं तरी असतेच. नाईच भेटली तर शेडनेट, पन तेही टिनापासून उंचावर.

सेवाग्राम रोड
मी वर्ध्याचा. तुमची पोस्ट दोनदा वाचली. घरातली सगळ्यात थंड खोली तुम्ही कुटाराला दिली आहे आणि माणसं टिनाखाली राहतात. आधी एवढं उलटं करा, याला एक रुपयाही लागत नाही.

सेवाग्रामला बापूकुटी पाहिलीच असेल. १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. बांधकाम सगळं आसपासच्या वस्तूंचं: माती, बांबू, लाकूड, वर कवेलू, आणि भोवती खाली उतरलेली पडवी. मे महिन्यात भर दुपारी आत जाऊन उभं राहा, फरक अंगाला कळतो. जाड मातीची भिंत तापायलाच संध्याकाळ होते आणि पडवीमुळे भिंतीवर ऊन पडतच नाही. तुमच्या समोरच्या खोलीचा हाच गुण आहे. जमीन सारवून घ्या, पश्चिमेच्या बाजूनं तट्ट्या लावा, दारं-खिडक्या सकाळी ९ ला बंद आणि दिवस बुडाल्यावर उघड्या.

मात्र मातीची भिंत दिवसभर पिऊन ठेवलेली उष्णता रात्री सोडते. म्हणून रात्री त्याच खोलीत झोपू नये. टिन जितकं लवकर तापतं तितकंच लवकर निवतं. तेव्हा दुपार मातीच्या खोलीत आणि रात्र अंगणात खाटेवर, मच्छरदाणी लावून. आपल्या आजी-आजोबांनी हेच केलं.

आर्वीकडची
हे माझ्या लक्षातच आलं नाही, आणि आता वाईटही वाटतंय. आत्ताच बाबांशी बोलले. ते म्हणतात, त्या खोलीतलं सोयाबीन बियाण्याचं आहे, टिनाखाली ठेवलं तर उगवण जाईल.

कोरडवाहू
बाबाचं बरोबर हाये. सोयाबीनचं बी लय नाजूक. बियान्याची पोती त्याच खोलीत कोपऱ्यात फळीवर ठेवा, भिंतीपासून दूर, एकावर एक जास्त थप्पी लावू नका. कुटार अन् ढेप मात्र मागं न्या. दोन खाटाची जागा नक्की होते.

वायरमन काका
कूलरबद्दल मी सांगतो. ३० वर्षं हेच काम केलं आहे. तुमच्या आईची भीती वावगी नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचे शॉक लागतात आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: लोखंडी बॉडी, आत पाणी, उघडी वायर, ओल्या फरशीवर अनवाणी माणूस, आणि बोर्डातलं तिसरं भोक नुसतं नावाला.

म्हणून कूलर लावण्याआधी गावातल्या जाणत्या माणसाकडून तीन कामं करून घ्या. मेन बोर्डाला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा. करंट गळला की ती क्षणात लाइन तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. अर्थिंग खरं आहे का ते तपासा. उन्हाळ्यात जमीन सुकते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की ते काम करत नाही. आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओतायचं. कूलरची वायर जोड नसलेली, तीन पिनांची घ्या. आणि आईंना एकच नियम शिकवा: पाणी भरताना नुसतं बटण बंद करून चालत नाही, पिन काढायची. पायात चप्पल हवीच. जमलं तर लोखंडी कूलर देऊन प्लास्टिक बॉडीचा घ्या.

तो बसवतानाही लोक चुकतात. खोलीत ठेवून दारं लावून घेतात, मग दमट होतं आणि म्हणतात कूलर काही कामाचा नाही. कूलर खिडकीबाहेर, सावलीत, आणि समोरची खिडकी चांगली वीतभर उघडी. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून (कूलरच्या बाजूच्या गवती जाळीतून) आत येते आणि तितकीच हवा बाहेर गेली पाहिजे. वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर त्याच घ्या. पाणी खारं असेल तर ताटीवर पांढरी खपली धरते, महिन्यानं ती झाडा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथंच होतात.

यवतमाळची सिस्टर
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते, मे महिना आमचा असाच जातो. ताई, आईंच्या बीपीच्या गोळीचं नाव बघा. लघवी जास्त होणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात अंगातलं पाणी आणि मीठ लवकर कमी होतं आणि उठताना भोवळ येते. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. एप्रिलमध्ये आलात की आईंना घेऊन डॉक्टरांना भेटा, उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का ते त्यांना ठरवू द्या. ताकात मीठ किती घालायचं, ओआरएस कधी द्यायचं, तेही तेव्हाच विचारा. बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना वाटेल तेवढं मीठ चालत नाही.

वय झालं की तहान लागत नाही. म्हणून "पाणी पिता ना" याला "हो" येतं, त्या खोटं बोलत नाहीत. वेगळं विचारा: "आज माठ कितीदा भरला? दुपारी लघवीला गेलीस का? रंग कसा होता?" गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडतंय. मी माझ्या सासूबाईंसाठी एक लिटरच्या दोन बाटल्या भरून ठेवते. दुपारच्या चहापर्यंत एक रिकामी झालीच पाहिजे.

पंख्याबद्दल एक. हवा ४० च्या वर गेली की नुसता पंखा गरम वाराच मारतो, अंगाचं पाणी आणखी सुकतं. ओला दुपट्टा अंगावर घेऊन पंख्याखाली बसलं तर मात्र खरा गारवा मिळतो. लाइन गेली तर ओला पंचा मानेवर आणि हातपंखा.

आणि हे घरात सगळ्यांना पाठ हवं. उन्हात किंवा गरम खोलीत असलेलं माणूस असंबद्ध बोलायला लागलं, ओळखेनासं झालं, अंग चटका बसेल असं तापलं, तर ते साधं "ऊन लागणं" नाही, तो उष्माघात आहे. लगेच १०८. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत कपड्यात गुंडाळून ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासात जातं. तापाची गोळी याला लागू पडत नाही, तिच्यात वेळ घालवू नका. आधी थंड करायचं, मग न्यायचं.

ओआरएसची पाकिटं आशाताईंकडे असतात. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवू नका.

झाडीपट्टी
आमच्या गडचिरोलीकडं मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. ऊन आहे म्हणून घरी बसलं तर वर्षाचं गणित चुकते, म्हणून आम्ही दिवसच उलटा करतो. पहाटे अंधारात जंगलात, ऊन चढायच्या आत पानं घेऊन घरी, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. तुमच्या बाबांचं वखरणं, शेणखत टाकणं असंच पहाटे ५ ते ९ मध्ये बसवा जी. ढोरांचं चारापाणीही त्यातच. दुपारी ढोरं झाडाखाली, म्हशीच्या पाठीवर ओलं पोतं.

निघताना उपाशी निघायचं नाही. आमच्याकडं रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी त्याची पेज, सोबत कांदा. तुमच्याकडं ज्वारीची आंबील होईल, ताक घालून पातळ केलेली. भाजलेल्या कैरीचं पन्हं तर घरोघरी असतेच. अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत करून पाहा, वाळवून ठेवली तर अख्खा उन्हाळा पुरतात. माझी माय भाजलेल्या कैरीचा गर तळपायालाही लावायची, बरं वाटते.

आर्वीकडची
बाबा बाहेर जाताना खिशात कांदा ठेवतात. त्याचा उपयोग होतो का, सिस्टर?

यवतमाळची सिस्टर
खिशातल्या कांद्यानं अंग थंड होत नाही. ठेवू द्या, पण त्याच्या भरवशावर दुपारी १ ला बाहेर जाऊ देऊ नका. डोक्याला पांढरा दुपट्टा ओला करून बांधला आणि बाटली हातात घेतली तर ते खरं काम. कांदा पेजेसोबत खावा.

आर्वीकडची
(तीन आठवड्यांनी)
गावाहून परत आले. सगळ्यांना सांगायचं होतं.

कुटार मागे गेलं, बियाण्याची पोती फळीवर कोपऱ्यात. खोली आईनं स्वतः सारवली, माझ्या हाताला ते वळण उरलं नाही. तुराट्या शेजारच्या काकांनी दिल्या, बांबू आणि दोन दिवसांची मजुरी मिळून साडेसात हजार लागले. दुपारी ३ ला मी साधं थर्मामीटर तिन्ही ठिकाणी ठेवून पाहिलं: अंगणात सावलीत ४३, तुराटीखालच्या खोलीत ४०, मातीच्या खोलीत ३५. आई त्या खोलीत बसून तांदूळ निवडत होती आणि म्हणाली, "माझी सासू इथंच बसायची." मला काही बोलता आलं नाही.

आरसीसीबी बसली, अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा निघाला. डॉक्टरांनी आईची गोळी बदलली. आता रोज संध्याकाळी विचारते, माठ कितीदा भरला. काल म्हणाली, तीनदा.

कूलरला आई अजून हात लावत नाही. बाबा चप्पल घालून, पिन काढून पाणी भरतात आणि तिला दुरून दाखवतात. नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) आला की बघू.

एकच राहिलं. मृग लागताना, पाऊस नसतो पण ढग भरून येतात, तेव्हा आई म्हणते जीव जास्त घाबरतो. तेव्हा काय करायचं?

वायरमन काका
तेव्हा हवेतच ओल असते, म्हणून ताटीवरचं पाणी उडत नाही. कूलरची पाण्याची मोटर बंद ठेवा, नुसता पंखा चालू द्या, सगळ्या खिडक्या उघड्या. पाणी सुरू ठेवलं तर खोली चिकट होऊन जीव आणखी गुदमरतो.

यवतमाळची सिस्टर
हो, आणि त्या दिवसांत पारा ३९ दिसला तरी निश्चिंत राहू नका, घाम सुकत नाही. दुपारी एक फोन जास्त करा. शेजारच्या काकूंना तेवढे आठ-दहा दिवस ४ वाजता डोकावून जायला सांगा.

कोरडवाहू
अन् ताई, मृगाचा पाऊस यायच्या आत तुराट्या खाली उतरवून गोठ्यात रचून ठेवाले सांगा. वर भिजल्या तर सडतात, टिनाले जंग लागते, अन् पुढच्या साली पुन्हा नव्या शोधा लागतात. बांबूची चौकट तशीच राहू द्या.