पॅच माझा, कमिट त्याचं. श्रेय मागू का?

अवग्रह:
मी पुण्यात नोकरी करते आणि रात्री जेवणं आटोपली की एका मुक्त स्रोत लायब्ररीवर, म्हणजे कुणालाही वापरता-सुधारता येणाऱ्या तयार कोडवर, काम करते. मजकूर ठरावीक लांबीत कापायचा आणि पुढे तीन टिंबं लावायची, एवढंच तिचं काम. देवनागरीत ती जोडाक्षरं मधूनच तोडायची. ‘विद्यार्थी’ कापला की पडद्यावर ‘विद्…’ असा पाय मोडलेला ‘द’ उरायचा. लिपींची अक्षरं संगणकात कशी धरायची ते ठरवणाऱ्या यूनिकोडने २०२३ साली १५.१ आवृत्तीत जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आणला, तो मी लायब्ररीत बसवला. तीन आठवडे गेले. कोड नीट कापतो का ते पाहायला सोबत ४२ शब्दांच्या चाचण्या दिल्या. आमच्या सोसायटीच्या पाटीवरची नावं, ज्योत्स्ना, लक्ष्मी, आणि पाच व्यंजनं एकात एक गुंतलेला ‘कार्त्स्न्य’.

लायब्ररी सांभाळणाऱ्या मेंटेनरने दीड महिना उत्तर दिलं नाही. मग ‘फार गुंतागुंतीचं आहे’ म्हणून माझी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घ्या अशी विनंती, बंद केली. अकरा दिवसांनी तोच नियम त्याच्या स्वतःच्या कमिटमध्ये, म्हणजे त्याच्या नावावर नोंदलेल्या बदलात, आला. कोड त्याने नव्याने लिहिलाय आणि माझ्यापेक्षा आटोपशीर लिहिलाय, हे मी मान्य करते. पण चाचण्यांची फाइल उघडली तर बेचाळीसच्या बेचाळीस शब्द त्याच क्रमाने. ‘कार्त्स्न्य’ टाइप करताना माझ्याकडून रफार राहिला होता, ‘कात्स्न्य’ झालं होतं. तेही तसंच आलंय. त्याला मराठी येत नाही. माझं नाव कुठेही नाही.

नवरा म्हणतो, एवढ्याशा नावासाठी झोप कशाला घालवतेस. पुढच्या महिन्यात माझ्या मुलाखती आहेत, तिथे ‘काय केलंत ते दाखवा’ म्हणतात, हे आहेच. पण मुलाखती नसत्या तरी मला हे लागलंच असतं. कोड त्याचा असेल तर श्रेय मागायचा मला हक्क आहे का?

वाई_ते_मेलबर्न:
अवग्रह, कोन कोलिवासचं प्रकरण सांगतो, तुमच्या दुखण्याच्या अगदी जवळचं आहे. हा इथला, ऑस्ट्रेलियातला भूलतज्ज्ञ. पोटापाण्याला वैद्यकी, उरलेल्या वेळात लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल. घरच्या साध्या मशीनवर मागे काही कंपाइल होत असलं की गाणं अडखळतं, माऊस अडकतो, ते त्याला खुपायचं. प्रोसेसरचा वेळ सगळ्यांना न्याय्य वाटून दिला तर हे सुटतं, असं तो नुसतं म्हणत नव्हता, पॅच, म्हणजे कोडमधले बदल, लिहून दाखवत होता. त्याचे पॅच लावून मशीन चालवणारे पुष्कळ होते.

हा वेळ वाटणारा कर्नलचा भाग, म्हणजे शेड्यूलर, सांभाळायचा इंगो मोल्नार. एप्रिल २००७ मध्ये त्याने याच वाटणीच्या तत्त्वावर स्वतःचा सीएफएस हा शेड्यूलर जाहीर केला. पहिल्या ओळीपासून घोषणेपर्यंत ६२ तास. लिनक्सचा कर्ता टोरवाल्ड्स, त्याने कोलिवासचा नाही, हा घेतला आणि ऑक्टोबरात कर्नलच्या २.६.२३ आवृत्तीतून तो सगळ्यांकडे पोचला. त्याआधीच, जुलैत, कोलिवास कर्नलचं काम सोडून गेला होता.

आता लक्षात घ्या, मोल्नारने श्रेय दिलं होतं. अशी वाटणी होऊ शकते हे कोलिवासने सिद्ध केलं, असं त्याने पहिल्याच घोषणेत लिहिलं होतं. तरी माणूस गेला. मला वाटतं, शेवटी नाव छापलं जाण्यापेक्षा कामात बरोबर घेतलं जाणं त्याला हवं होतं. टोरवाल्ड्सची बाजूही होती. तक्रार आली की कोलिवास चूक शोधण्याऐवजी तक्रार करणाऱ्याशी वाद घालतो आणि कोड पुढे सांभाळणारा माणूस भरवशाचा लागतो, असं त्याचं म्हणणं. ते मला पूर्ण पटत नाही, पण सोडूनही देता येत नाही. २००९ मध्ये कोलिवास बीएफएस नावाचा नवा शेड्यूलर घेऊन परत आला. तो त्याने कर्नलबाहेरच ठेवला.

तुमच्या बाबतीत तर नावही नाही. मागाच.

दोन_कप_चहा:
मी नोकरी सांभाळून आठ वर्षं एक छोटी लायब्ररी चालवतोय, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. एकाचा पॅच मी बाजूला ठेवला होता. काही महिन्यांनी तेच स्वतः लिहिलं आणि ते माझंच सुचणं आहे असं मला मनापासून वाटत होतं. त्याने जुना दुवा पाठवला तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्याच रात्री त्याचं नाव घातलं. म्हणून पहिल्या पत्रात चोरीचा आरोप करू नका, माणूस लगेच दार लावून घेतो. पण ताई, बेचाळीस शब्द क्रमासकट विसरून येत नाहीत. त्यासाठी फाइल समोर उघडी लागते.

फांदी_मुख्य:
कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्यावर असतो. म्हणजे नियम बसवायची कल्पना सोडा, चाचण्यांची फाइल धरा. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा हे दोन रकाने वेगळे आहेत. तुमच्या चाचण्या त्याने चेरी-पिक करून, म्हणजे तुमचं कमिट उचलून, घेतल्या असत्या तर लेखक म्हणून तुमचं नाव आपोआप राहिलं असतं. कर्नलवाले ‘सजेस्टेड-बाय’, ‘को-डेव्हलप्ड-बाय’ अशा ओळीही लिहितात, त्यामुळे सुचवणाराही नोंदीत राहतो.

झालेलं कमिट बदला असं मात्र मागू नका. इतिहास फिरवला की ज्यांनी प्रती घेतल्यात त्या सगळ्यांचा गोंधळ होतो. बदलांच्या नोंदीत आणि लेखकांच्या यादीत नाव मागा. मुलाखतीत बंद रिक्वेस्ट खुशाल दाखवा, तिच्यावर तारीख आहे.

अवग्रह:
सगळ्यांचे आभार. कोलिवासचं वाचून रात्री बराच वेळ जागी होते. मलाही नावापेक्षा ते ‘फार गुंतागुंतीचं’ जास्त लागलंय, हे तेव्हा कळलं. ‘हा भाग सोपा कर’ म्हणाला असता तर मी केला असता.

आत्ताच नवी पुल रिक्वेस्ट पाठवली. बदल एकच, ‘कात्स्न्य’चं ‘कार्त्स्न्य’. खाली लिहिलंय: “या शब्दातला रफार माझ्या मूळ चाचण्यांत राहून गेला होता, तो दुरुस्त करत आहे. जुनी रिक्वेस्ट सोबत जोडली आहे. या ४२ चाचण्या मी लिहिल्या आहेत, बदलांच्या नोंदीत तसा उल्लेख करावा.”