मरळ, भाला आणि चिंचेचा कोळ

गोड्या पाण्यात भाल्याने मासा मिळतो का आणि चिखलाचा वास कसा घालवायचा, असं एकाने विचारलंय. मिळतो की! आमचे आजोबा वलगणीच्या दिवसांत (पहिल्या पावसात मासे ओढ्यांत चढतात तेव्हा) नवी मुंबईतल्या घणसोलीहून महाप्याकडच्या ओढ्यांवर बत्ती आणि भाला घेऊन जायचे. (आता तिथे कंपन्या.) गढूळ पाण्यात बुडी मारून काही दिसत नाही, काठावर गप्प उभं राहायचं. मरळ, म्हणजे गोड्या पाण्यातला हा मासा, हवा घ्यायला वर येतेच. नेम मात्र माशाच्या खाली धरायचा. दोन फूट खोल पाण्यातला मासा सरळ वरून बघितला तरी दीड फुटावर दिसतो, तिरकं बघितलं तर आणखी वर. पहिले दहा वार वाया जातात, माझे तर जास्तच गेले.

लालसर पिल्लांच्या थव्याजवळची मरळ मारू नका, ती राखण करत असते.

साफ करताना राख किंवा जाडं मीठ चोळा, बुळबुळीतपणा जातो. चिखलाचा वास आंबटाने मरतो, म्हणून तुकडे अर्धा तास चिंचेच्या कोळात ठेवा. मग ठेचलेला लसूण, आगरी मसाला, आंबोशी (वाळवलेली कैरी). खोबरं अजिबात नको. भाकरी तांदळाचीच.