मदत हवी आहे: फ्लॅग एकतर आपोआप गळतात, नाहीतर ओढूनही निघत नाहीत

दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) १४ मुलींच्या फ्लॅग फुटबॉल संघासाठी विचारतेय. अमेरिकन फुटबॉलचा हा टॅकल नसलेला, पाच-पाच खेळाडूंचा प्रकार २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठीही आहे. चेंडू घेऊन पळणारीच्या कमरेच्या पट्ट्याला लटकणारा फ्लॅग (लांब फीत) ओढून काढला की डाव थांबतो, म्हणून सगळा खेळ फ्लॅग आणि पट्ट्याच्या जोडावर.

फ्लॅग रेक्झिनचे, ३८ सें.मी. लांब, ५ सें.मी. रुंद, गावच्या टेलरकडून शिवलेले. २ इंच वेल्क्रो लावला तर पट्टाच फिरतो आणि मुलगीही ओढली जाते. १ इंच ठेवला तर नुसत्या वळणावर गळतो. त्यात काळ्या मातीची धूळ अन् कापसाचे तंतू वेल्क्रोत बसतात, आठवड्यात पकड जाते. टूथब्रशने साफ केलं, चार दिवस टिकलं. टिचबटणं सरळ ओढली तर निघतात, तिरपी ओढली की रेक्झिन फाटतं.

गाठ मारायचं कृपया सुचवू नका, ते नियमात बसत नाही आणि मुलगी पडते. मैदान पडीक आहे, पाणी मारायची सोय नाही. बजेट पट्ट्यामागे १५० रुपये.

ज्यांच्या सॉकेटमधून (फ्लॅग अडकवायची खोबण) फ्लॅग 'टक्' करून सुटतो, ते पट्टे अशा धुळीत टिकतात का, आणि नुसते सॉकेट नागपूर-अमरावतीकडे कुठे मिळतील?