जखमी लाइनबॅकर परतत असताना बदली खेळाडूंचे काय करावे?

सातरस्ता_सोलापूर
नमस्कार. सोलापुरातील आम्ही काही मित्र आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेले माझे मावसभाऊ मिळून बारा संघांची एनएफएल फँटसी लीग खेळतो; म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले खेळाडू निवडून आपापला कागदी संघ करायचा आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतील कामगिरीवरून गुण मोजायचे. पैशांचा व्यवहार नाही. जो शेवटच्या क्रमांकावर राहील त्याने हुरडा पार्टीची सगळी व्यवस्था करायची, एवढीच अट आहे. आमच्या लीगमध्ये बचावफळीतील खेळाडूही एकेक करून निवडावे लागतात आणि त्यांत तीन लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभे राहणारे खेळाडू असतात. एकट्याने केलेल्या टॅकलला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडण्याला) दीड गुण मिळतो, दुसऱ्याच्या साथीने केलेल्या टॅकलला पाऊण.

ऑक्टोबरमध्ये माझे दोन मुख्य लाइनबॅकर एकापाठोपाठ जखमी झाले. त्यांच्याच संघांतील बदली खेळाडू मी घाईघाईने घेतले आणि खरे सांगायचे तर त्या दोघांनीच मला आजवर सहाव्या क्रमांकावर तगवले आहे. आता दोन्ही जखमी खेळाडूंनी सराव सुरू केल्याची बातमी एकाच आठवड्यात आली. जखमींसाठी राखीव जागा माझ्याकडे एकच आहे, त्यामुळे एक जण तिथे आणि दुसरा बाकावर बसला आहे; बाकावरच्या उरलेल्या जागा रनिंग बॅकनी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या आक्रमणातील खेळाडूंनी अडवल्या आहेत. चौघांनाही फार काळ सांभाळणे जमणार नाही. बदली खेळाडूंना आत्ताच सोडावे, की मूळ खेळाडू मैदानात उतरेपर्यंत थांबावे?

बाळीवेसकर
आपण सराव सुरू होणे आणि परतणे या दोन गोष्टी एकच धरल्या आहेत, असे वाटते. जखमींच्या अधिकृत यादीत गेलेल्या खेळाडूला किमान चार सामने बाहेर बसावे लागते. त्यानंतर तो सरावाला आला की एकवीस दिवसांची मुदत सुरू होते. या काळात संघ त्याला कोणत्याही दिवशी मुख्य चमूत घेऊ शकतो, आणि मुदतीत घेतले नाही तर त्याचा हंगाम संपतो. म्हणजे आज आलेली बातमी या रविवारची असेलच असे नाही, ती तीन आठवड्यांनंतरचीही असू शकते. तोपर्यंत तो आपल्या राखीव जागेत निर्धास्त बसू शकतो.

अडचण येते ती त्याला चमूत घेतले जाते त्या दिवशी. त्या क्षणापासून राखीव जागेवरचा त्याचा हक्क संपतो, आणि बहुतेक ॲपवर तो तिथेच राहिला तर नवा खेळाडू घेताच येत नाही. म्हणून कोणाला सोडायचे हे शनिवारीच ठरवून ठेवावे. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळे मागे गेली की रविवारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होतात आणि न खेळणाऱ्यांची यादी त्याआधी नव्वद मिनिटे, म्हणजे दहाला लागते. त्या दीड तासात घेतलेले निर्णय मला तरी कधी लाभलेले नाहीत.

मात्र खरा प्रश्न तारखेचा नसून जागेचा आहे. समोरचा संघ तीन रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) लावून खेळू लागला की बचावफळी पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (झेलणाऱ्यांना रोखणारा मागचा बचावपटू) आणते आणि मैदानावर दोनच लाइनबॅकर उरतात. आजच्या खेळात बराचसा वेळ हीच मांडणी असते, त्यामुळे कागदावर मुख्य म्हणून नाव असलेला तिसरा लाइनबॅकर गुणांच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो. आपला बदली खेळाडू त्या दोघांपैकी एकाच्या जागी खेळत असेल आणि परतणाराही तीच जागा घेणार असेल, तर त्याचे काम संपले. पण जखमी खेळाडूच्या अनुपस्थितीत त्याने शेजारच्या खेळाडूलाही मागे टाकले असेल, तर हिशेब पूर्ण बदलतो. २००८पासून बचावातील एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाशी जोडलेला रेडिओ असतो आणि त्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो. ठिपकेवाला सहसा मैदान सोडत नाही. मूळ खेळाडू परतल्यावर ठिपका कोणाकडे आहे, हे आधी पाहावे.

जुनी_मिल
माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये काही वर्षे बदली कामगार होते. पाळी सुरू होताना फाटकाशी उभे राहायचे; कायम कामगार आला नाही तर मागावर जायचे, आला तर घरी परतायचे. ते सांगत, की आजारपणातून उठून आलेला कामगार पहिल्या दिवशी पूर्ण पाळी भरेलच असे नाही, म्हणून अनुभवी बदली कामगार तास-दोन तास फाटकापाशीच रेंगाळत असे. आपल्यालाही हेच करायचे आहे, फक्त एका सामन्यापुरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचे आहे. त्यांचा लाइनबॅकर ड्रे ग्रीनलॉ याचा घोट्यामागचा अकिलीस स्नायूबंध फेब्रुवारी २०२४मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या मैदानावर धावत येतानाच तुटला. दहा महिन्यांनी, १२ डिसेंबरला, तो रॅम्स संघाविरुद्ध परतला आणि पहिल्या अर्धात त्याने झपाटल्यासारखे टॅकल केले. त्याची जागा सांभाळणारा डेव्हॉन्ड्रे कॅम्पबेल त्या दिवशी बाकावर गेला होता. उत्तरार्धात ग्रीनलॉला थांबावे लागले, तेव्हा कॅम्पबेलने मैदानात उतरायलाच नकार दिला; पुढे संघाने त्याला निलंबित केले. ग्रीनलॉही पुढच्या सामन्यात थोड्याच स्नॅपनंतर (चेंडू खेळात आला की सुरू होणाऱ्या एकेका चालीला स्नॅप म्हणतात) बाहेर पडला. ज्यांनी ग्रीनलॉसाठी कॅम्पबेलला सोडले आणि ज्यांनी कॅम्पबेलला धरून ठेवले, दोघांच्याही हाती फारसे काही लागले नाही. असा रुसवा दरवर्षी पाहायला मिळत नाही, हे खरे. परंतु दीर्घ दुखापतीनंतरचा पहिला सामना मोजूनमापून खेळवला जातो, हे मात्र नेहमीचे आहे.

म्हणून माझे मत असे, की पहिल्या सामन्यात दोघांपैकी कोणालाही मुख्य संघात घेऊ नये. तिसऱ्याच संघातील कमी गुणांचा, पण प्रत्येक स्नॅप खेळणारा लाइनबॅकर एका आठवड्यासाठी घ्यावा. त्यासाठी एखादा रनिंग बॅक सोडावा लागला तरी हरकत नाही.

सातरस्ता_सोलापूर
दोघांचेही आभार. एक गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या खेळाडूच्या संघाचा सामना सोमवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी सकाळी पावणेसातला आहे. त्याची खात्री होईपर्यंत माझे इतर पर्याय खेळून झालेले असतील.

होटगी_रोड
मग त्याला या आठवड्यात धरूच नका. सोमवारच्या संघाचा दुखापत अहवाल एक दिवस उशिरा येतो आणि ‘शंकास्पद’ असा शेरा पडला, तर रविवारी रात्री आपण अंधारात असता. त्याच संघातील बदली खेळाडू हाताशी ठेवला तर निदान मंगळवारी पहाटे उठून अदलाबदल करता येईल.

बाळीवेसकरांच्या मताला माझी थोडी पुस्ती आहे. परतण्याची वाट पाहताना आपल्या लीगची अंतिम फेरी कधी आहे, हेही पाहावे. डेट्रॉइट संघाचा लाइनबॅकर ॲलेक्स अँझलोन नोव्हेंबर २०२४मध्ये हाताचे हाड मोडून बाहेर गेला आणि थेट अठराव्या आठवड्यात परतला. बहुतेक फँटसी लीग सतराव्या आठवड्यातच संपतात. त्याला बाकावर सांभाळणाऱ्यांची जागा तेवढे दिवस वाया गेली.

सातरस्ता_सोलापूर
आमची अंतिम फेरी सतराव्या आठवड्यातच आहे. रविवारी खेळणारा मूळ खेळाडू बाकावर ठेवतो, त्याच्या बदलीला सोडतो आणि सोमवारच्या बदलीला मुख्य संघात घेतो. एका रनिंग बॅकला निरोप दिला आहे. मंगळवारचा गजर साडेसहाचा लावला आहे.