अकाउंट्सच्या नोकरीचा अर्ज: नेमकं काय लिहायचं?

कराडचा_बीकॉम
बी.कॉम. झालंय, टॅली येतं, सध्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसात आहे. सातारा आणि शिरवळ एमआयडीसीत अकाउंट्स असिस्टंटसाठी अर्ज टाकतोय, पण कुठूनच फोन नाही. अर्जाची सुरुवात अशी: 'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की, मी एक प्रामाणिक, मेहनती व होतकरू तरुण असून घरची परिस्थिती बेताची आहे...' इंग्रजीत लिहायला हवं का?

वाईकर
इंग्रजीतच लिही. नेटवर ढिगाने नमुने आहेत. एक उचल, नाव बदल, झालं.

खतावणी
नमुना नका हो उचलू! मी एका कारखान्यात अकाउंट्स बघते. एचआरवाला अर्जांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर आणून टाकतो, त्यामुळे नेटवरचा तो नमुना मला तोंडपाठ झालाय. एका पठ्ठ्याने तर वर आधीच्या कंपनीचं नाव तसंच ठेवलं होतं.

प्रामाणिक-मेहनती सगळेच लिहितात. (अप्रामाणिक आहे असं कोण लिहील?) परिस्थितीचं वाचून वाईट वाटतं, पण तेवढ्यावर कुणाला बोलावता येत नाही. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० तारखेला ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र), या धावपळीत हा माणूस कुठे उपयोगी पडेल, एवढंच मी शोधत असते. तुम्ही कर सल्लागारांकडे आहात, म्हणजे १४ तारखेला २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) आलं की खरेदीच्या नोंदींशी ताडून बघत असणार. एखाद्या पुरवठादाराचं बिल त्यात दिसलं नाही की फोन करकरून त्याच्या मागे लागत असणार. मग हेच लिहा की! बिल २बीत आलं नाही तर आमचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकतं, म्हणजे रोख पैसा अडकतो. ही ओळ दिसली की मी आधी मोबाईल नंबर बघते.

७ तारखेचा टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या नोंदींशी आपला हिशेब जुळवणं) वगैरे स्वतः केलं असेल तरच टाका, मुलाखतीत लगेच उघडं पडतं. आणि अशिलांची नावं अजिबात नकोत. जो त्यांची नावं इथे सांगतो, तो उद्या आमची दुसरीकडे सांगेल.

भाषेचं म्हणाल तर जाहिरात ज्या भाषेत, अर्ज त्या भाषेत.

कराडचा_बीकॉम
ताई, हे कसं वाटतं? 'आपल्या जाहिरातीतील अकाउंट्स असिस्टंट पदासाठी अर्ज करत आहे. सध्या कर सल्लागारांच्या कार्यालयात व्यापाऱ्यांच्या टॅलीतील नोंदी, बँक रिकन्सिलिएशन आणि २बीशी खरेदीची पडताळणी करतो. बिल न दिसल्यास पुरवठादाराकडे पाठपुरावा करतो. जीएसटीआर-१ची माहिती मी तयार करतो, अंतिम तपासणी सर करतात.' अपेक्षित पगार लिहू का?

खतावणी
'अंतिम तपासणी सर करतात' हे ठेवाच, त्याने बाकीचंही खरं वाटतं. फक्त व्यापारी साधारण किती ते घाला, चार की चाळीस यात फरक आहे. पगार जाहिरातीत विचारला असेल तरच लिहा. नोटीस पीरियड मात्र हवाच. आणि कराडहून शिरवळला रोज ये-जा करणार की तिथे खोली घेणार, तेही एका ओळीत टाका. पत्ता वाचून एचआरवाला तिथेच अडतो.