‘पॅल’ म्हणजे भाऊच

ए-१०२, आजी: बर्मिंगहॅमचा नातू काल व्हिडिओ कॉलवर आपल्या मित्राला सारखा ‘पाल, पाल’ म्हणत होता. काय असतं ते? आपल्याकडे भटक्यांच्या तंबूला पाल म्हणतात, तसलं काही?

बी-३०४, सर: आजी, उच्चार ‘पॅल’. म्हणजे दोस्त, सवंगडी. तंबूच्या पालाशी संबंध नाही, पण शब्द भटक्यांचाच आहे आणि मुळात इथून गेलेला. रोमा लोक साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले आणि इराण, आर्मेनिया करत युरोपात पोचले. त्यांच्या रोमानी भाषेत भावाला ‘फ्राल’ म्हणतात. इंग्लंडातल्या रोमांच्या बोलीत त्याचं ‘पॅल’ झालं आणि १६८० च्या दशकापासून ते इंग्रजी लिखाणात दिसतं.

सी-५०१, दादा: सर, हे नक्की का? सगळे इंग्रजी शब्द संस्कृतातून आले असले फॉरवर्ड रोज येतात.

बी-३०४, सर: शंका रास्त आहे. एकच शब्द सारखा दिसला असता तर मीही मानलं नसतं. इथे अख्खी भाषा साक्ष देते. घराला खेर, दुधाला थुद, बहिणीला फेन, भावाला फ्राल. घ चा ख, ध चा थ, भ चा फ, दरवेळी तसंच. नाक, कान तर आपलेच. र्‍यूडिगर या जर्मन अभ्यासकाने हाले शहरातल्या एका रोमा बाईकडून वाक्यं घेतली, हिंदुस्तानीशी ताडून पाहिली आणि हे भारतातले लोक आहेत असं १७८२ मध्ये छापलं.

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार. ११ ते २ पाणी बंद. भरून ठेवा.

बी-३०४, सर: पाण्यालाही रोमानीत पानीच म्हणतात!

बी-२०२, ताई: सर, फ्रालमध्ये र आहे, आपल्या भाऊमध्ये नाही.

बी-३०४, सर: अगदी बरोबर पकडलंत ताई. मूळ भ्रातृ. त्यातला र त्यांनी जपला, भ आपण जपला. इंग्रजी ब्रदरही त्याच कुळातला, फक्त वेगळ्या वाटेने आलेला.

सी-५०१, दादा: म्हणजे ब्रदर घरात होताच, वर हा दुसरा भाऊ पाहुणा आला.

बी-३०४, सर: पाहुण्यासारखं वागवलं नाही, हेच मला लागतं. इजिप्तहून आले समजून त्यांना ‘जिप्सी’ म्हणत. १५३० मध्ये देश सोडा असा कायदा झाला, १५५४ मध्ये राहिलात तर फाशी. अशा माणसांकडून इंग्रजांनी मित्रासाठीचा शब्द घेतला.

ए-१०२, आजी: लहानपणी आमच्या माळावर पालं पडायची. आई भाकरी द्यायची, पण उंबऱ्याबाहेर उभं करून. आज सगळं आठवलं.

सर, फ्राल, खेर, थुद, फेन, एवढे चार शब्द वेगळे लिहून पाठवा. रविवारी नातवाचा फोन येतो, त्याला वाचून दाखवते.